साडी कापणाऱ्याची बायको

सुरतेच्या डिंडोलीत सुंदराबाईंचं घर कुठं म्हणून विचाराल तर माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसतील. जादूगाराचं घर विचारा, मग बघा! पानटपरीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे हात लांब करून दाखवतील. दारावर निळी पाटीच आहे, ‘जादूगार मगनकुमार’. पाटीच्या कोपऱ्यात टोपी आणि टोपीतून डोकावणारा ससा. आता त्या घरात ससा कधी शिरलाच नाही, ही गोष्ट वेगळी. त्या घरात होत्या कापडाच्या चिंध्या. पलंगाखाली, माळ्यावर, पिठाच्या डब्यामागं, जिथं हात घालावा तिथं रंगारंगाच्या चिंध्या. त्या सगळ्या सुंदराच्या.

मगन भेस्तानला एका लूमच्या कारखान्यात कामाला. आठवडाभर धागे जोडायचे आणि सुट्टीच्या दिवशी काळा कोट चढवून जादूचे खेळ करायचे, हा त्याचा तीस वर्षांचा शिरस्ता. शाळेचं गॅदरिंग म्हणू नका, शेठच्या नातवाचा वाढदिवस म्हणू नका, गणपती म्हणू नका. खरं सांगायचं तर हातचलाखीत गडी बेताचाच. दोरी कापून जोडणं, कानातून नाणं काढणं, रिकाम्या डब्यातून फुलं, हे सगळे जादूगार करतात तेवढंच. पण बोलायला असा पट्टीचा, की त्याच्या तोंडावरून नजर हलवायची कोणाची टाप नव्हती. अहिराणी, मराठी, गुजराती, हिंदी, चारही भाषा एका वाक्यात घालायचा आणि हसवून हसवून लोकांची पोटं दुखवायचा.

सुंदरा अमळनेरकडची. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन सुरतेत आली. महिनाभरात मगनचा स्टेजवरचा जोडीदार, भटू त्याचं नाव, गावी लग्नाला म्हणून गेला तो परत आलाच नाही. मग नवी नवरीच उभी केली स्टेजवर. त्याआधी मगननं पाटावर नारळ मांडला, तिचा हात त्यावर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली. खेळातली एकही गोष्ट कोणाला सांगायची नाही. आईला नाही, बहिणीला नाही, पुढं पोरं झाली तर पोरांनाही नाही. सुंदरानं घेतली शपथ. तिला वाटलं, लग्नात सात फेरे घेतले तसाच हा आठवा.

दुसरा नियम त्यानं शिकवला तो असा. जादूगाराच्या बाईनं स्टेजवर तोंड उघडायचं नाही आणि स्वतःच्या हाताकडं कधी बघायचं नाही. ती जिकडं बघेल तिकडं लोक बघतात. म्हणून तिनं सदा त्याच्याकडं बघायचं. बघितलं बिचारीनं. सत्तावीस वर्षं बघितलं.

पोटापाण्याला ती पर्वत पाटियाकडच्या एका गोदामात साड्यांच्या घडीला जायची. तुम्ही दुकानातून साडी आणता, पुठ्ठ्यावर घट्ट बसलेली, पदर वर, काठ सरळ. ती घडी कोणीतरी बाई घालते, हे तुमच्या डोक्यात तरी येतं का? सुंदरा मिनिटाला सहा घालायची. साडेपाच मीटरचं कापड तिच्या हातात आलं की बघता बघता वीतभर व्हायचं. शेठ दुसऱ्या बायांवर डाफरायचा, हिच्याजवळून मात्र मुकाट निघून जायचा.

त्या गोदामात दुपारच्या सुट्टीत तिनं एक चेष्टा काढली. नवीन पोरगी कामाला लागली की सुंदरा तिच्या हातातली साडी घ्यायची, घडी घालायची आणि ब्लेडनं सपकन मधोमध कापायची. पोरगी बोंब ठोकायची, "ओ मा, शेठ मारी नाखशे!" शेठ मारूनच टाकील! मग सुंदरा कापलेले तुकडे गोळा करायची, पुन्हा घडी, एक झटका, आणि साडी अखंड! सगळ्या बाया हसून लोळायच्या. कसं करते ते एकीलाही कळलं नाही. गंमत घडीत होती. घडी घालता घालता ती त्याच रंगाची चिंधी मध्ये सरकवायची आणि तिसरी घडी उलटी घ्यायची. बस्स, ब्लेड लागायचं ते चिंधीला. पण ती तिसरी घडी डाव्या अंगठ्याखालून अशी वळवावी लागे, की सरळ आणि उलट बघणाऱ्याला सारखंच दिसावं. ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिच्याच हाताला सुचलं होतं.

मगननं ते ऐकलं आणि उडीच मारली. "अव माय, हाई तं स्टेजवर पाहिजे!" म्हणजे, हे स्टेजवर हवं! अठरा वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तेव्हापासून खेळाचा शेवट म्हणजे साडी कापणं. बायांना आधीच निरोप जायचा, घरून एक घडीची साडी घेऊन या. खेळापूर्वी सुंदरा साधी बाई होऊन बायांमध्ये बसायची, "ताई, कुठून आलात, साडी छान आहे हो," करत रंग बघून घ्यायची. मग पिशवीतल्या साठ-सत्तर चिंध्यांमधून जुळणारी काढून निऱ्यांमध्ये खोचायची. स्टेजवर मगन साडी घ्यायचा, तिच्या हातात द्यायचा, ती घडी घालायची, तो कात्री चालवायचा आणि तोंड चालवायचा. टाळ्या पडायच्या. टाळ्या कोणाला पडायच्या, हे सांगायला पाहिजे का? तिनंही कधी मनाला लावून घेतलं नाही. आपली जादू नवऱ्याच्या तोंडी शोभते, यातच ती खूश. घरातलं भांडं कोणाच्या नावानं घेतलं हे कोण विचारतं, तसं तिचं होतं.

एक गोष्ट मात्र तिला सलायची. त्यांची एकुलती मुलगी हर्षदा, आता बावीस वर्षांची, एका ऑफिसात कामाला. लहानपणी ती या जादूसाठी जीव टाकायची. "मम्मी, मला सांग ना. मी कोणाला नाही सांगणार." एकदा दहा वर्षांची असताना दिवसभर जेवली नाही, रुसून बसली. सुंदराच्या ओठावर आलं होतं. पण नारळावर हात ठेवला होता ना! तिनं पोरीला पोटाशी धरलं, आवडीची शेवभाजी केली, आणि सांगितलं नाही ते नाहीच. पोरीनं पुढं विचारणंच सोडलं, आणि आईलाही काही सांगणं हळूहळू सोडलं. पोरी मोठ्या होतात तशा दूर जातात, असं सुंदरानं स्वतःला समजावलं.

अशा घरात मागच्या हिवाळ्यात मुंबईहून सिनेमावाले आले. सिनेमाचं नाव कशाला घ्यायचं, त्यांची फुकट जाहिरात! चार जादूगार सुरतेच्या एका हिरेवाल्याला भर कार्यक्रमात लुटतात, अशी त्याची गोष्ट. त्यांचा श्रीरंग नावाचा एक सहायक दिग्दर्शक, दाढी राखलेला, गोडबोल्या, खऱ्या जादूगारांना शोधत फिरत होता. मगनच्या घरी तो तीन वेळा आला. सुंदरानं तिन्ही वेळा चहा केला. तिसऱ्या वेळी मगन म्हणाला, "जरा वरणासाठी कोथिंबीर घेऊन ये." ती गेली, आली, तेव्हा माणूस उठून चाललाच होता.

"काय म्हणतात?" तिनं विचारलं.

"माले काम देस," मगन म्हणाला. मला काम देतात! त्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं होतं. "सिनेमात, सुंदरा. पडद्यावर. एक मिनिट आहे, पण माझ्या तोंडी वाक्य आहे."

"आणि जादू कोणती दाखवली त्यांना?"

"दोरीची. अजून कोणती?"

सुंदरानं त्या दिवशी सांजा केला, शेजारच्या जयश्रीला वाटीभर नेऊन दिला आणि सांगून आली, आमचे हे सिनेमात येणार. जयश्रीनं ते संध्याकाळपर्यंत अख्ख्या सोसायटीत पोहोचवलं. काम चोख तिचं.

जूनमध्ये सिनेमा लागला. सोसायटीतले चाळीस जण निघाले, कोणी रिक्षात, कोणी टेम्पोत. मगननं उन्हाळ्यात काळा कोट घातला होता आणि घामानं निथळत होता. सुंदरा त्याच्या उजव्या हाताला बसली, हर्षदा तिच्या पलीकडं. मध्यंतराच्या आधी मगन आला पडद्यावर. फुटपाथवरचा म्हातारा जादूगार. हिरो त्याच्यापुढं उकिडवा बसतो आणि मगन त्याला म्हणतो, "बेटा, हाथ मत देख, मुँह देख." शिट्ट्याच शिट्ट्या! सोसायटीच्या मंडळाचा सेक्रेटरी गजेंद्र तर खुर्चीवर उभा राहिला. सुंदरा रडली. खोटं कशाला सांगायचं, अभिमानानं रडली. तिनं अंधारात नवऱ्याचा हात धरला. त्यानं तो हळूच सोडवून घेतला. गरम होत असेल, असं तिला वाटलं.

मध्यंतरानंतर चोरीचा प्रसंग आला. पंचतारांकित हॉटेल, हिरेवाल्याच्या बायकोचा वाढदिवस, तिच्या गळ्यात झगमगता हार. हिरो स्टेजवर म्हणतो, "मॅडम, एक साडी मिळेल?" सुंदरा खुर्चीत पुढं सरकली. साडी आली. हिरोनं घडी घातली. कात्री चालली. तुकडे पडले, साडी अखंड झाली, आणि हार गायब! थिएटर नुसतं डोक्यावर घेतलं लोकांनी.

इथवर तिनं मनाची समजूत घातली. साडी कापायचं कोणालाही सुचू शकतं. पण सिनेमाच्या शेवटी पोलीस अधिकारी विचारतो, "कसं केलंस?" आणि हिरो हसून सगळं उलगडून सांगतो. पडदाभर हात, संथ चालीत. बायांमध्ये बसून रंग हेरणं. चिंध्यांची पिशवी. निऱ्यांऐवजी कोटाचं अस्तर. चिंधी सरकवली. पहिली घडी, दुसरी घडी. आणि तिसरी उलटी, डाव्या अंगठ्याखालून.

त्या तिसऱ्या घडीची गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती, आणि दोघंही शेजारी शेजारी बसली होती.

सुंदरानं मान वळवून मगनकडं बघितलं. तो पडद्याकडं बघत होता. तोंड उघडं, घाम गालावर. त्यानं काही तिच्याकडं मान फिरवली नाही. आणि सिनेमातली बाई? ती नाचत होती. तिला साडीला हातसुद्धा लावू दिला नव्हता.

"मम्मी," हर्षदा तिच्या कानाशी वाकली. "असं करायचीस तू? एवढंच?"

एवढंच! बारा वर्षं पोरीपासून जे पोटात ठेवलं, ज्यापायी पोरीचं मन दुखावलं, ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून, तिकीट काढून, पॉपकॉर्न खाता खाता तिला कळलं. घरी येईपर्यंत सगळे गात होते, मगनला खांद्यावर घेत होते. ती टेम्पोत कोपऱ्याला बसून आपल्या हातांकडं बघत राहिली.

घरी तिनं सरळ विचारलं, "तुम्हीन सांगं का त्यासले?" तुम्ही सांगितलं का त्यांना?

"मी?" मगन म्हणाला. "अगं, मोठी माणसं आहेत. कुठूनही शोधून काढतात. आपल्या खेळाचे व्हिडिओ किती जणांनी काढलेत! बघितलं असेल बारकाईनं. तुझा हात कधी तरी चुकला असेल."

तुझा हात चुकला असेल! आणि बघा, त्या वेडीनं खरं मानलं. महिनाभर ती स्वतःला कोसत होती. कुठं चुकलं? भेस्तानच्या शाळेत पंखा जोरात होता तेव्हा चिंधी दिसली असेल का? पोळ्या लाटता लाटता मध्येच थांबायची, ओढणी घेऊन घडी घालून बघायची. तीच घडी, तसाच अंगठा. चूक सापडेना. चूक सापडत नाही म्हणून आणखी जीव खायची. असा केसानं गळा कापलेला, आणि ही बाई आपलीच मान तपासत बसलेली.

जुलैच्या शेवटी एका बुधवारी संध्याकाळी हर्षदानं मोबाइल तिच्यापुढं धरला. "मम्मी, पप्पांचा इंटरव्ह्यू." सिनेमावाल्यांनीच काढलेला छोटा व्हिडिओ होता तो, पडद्यामागच्या लोकांचा. मगन खुर्चीत बसलेला, मागं त्यांच्याच घराची निळी भिंत. कोथिंबीर आणायला धाडलं तो दिवस, सुंदरानं भिंतीवरच्या रोज फाडायच्या कॅलेंडरवरून ओळखला. मगन हिंदीत सांगत होता, साडीची जादू ही त्याची स्वतःची, रात्रंदिवस डोकं खपवून काढलेली. लूमवर उभ्या उभ्या सुचली म्हणे. श्रीरंगचा आवाज आला, "और स्टेज पे आपके साथ जो लेडी रहती हैं, उनका क्या काम है?"

मगन हसला. तेच ते, लोकांना लोळवणारं हसणं. "वो? वो मेरी मिसेस है. कुछ नहीं, खाली खड़ी रहती है."

हर्षदाला हसू आलं. मग आईचं तोंड बघून गेलं. "मम्मी? काय झालं?"

"पुन्हा लाव," सुंदरा म्हणाली. पुन्हा लावला. खाली खड़ी रहती है. नुसती उभी राहते. तिनं मोबाइल परत दिला आणि मगन कारखान्यातून यायची वाट बघत उंबऱ्यात बसून राहिली. चूल पेटवली नाही.

मगन आला, चप्पल काढली, तिचं तोंड बघितलं आणि समजून गेला. नाटकी माणसाला तोंड वाचता येतं.

"ती जादू मनी व्हती," सुंदरा म्हणाली. ती जादू माझी होती. "तुम्हनी नही. माले इचारं का? एक सावा तरी?" मला विचारलं का, एकदा तरी?

मगननं आधी आवाज चढवला, मग उतरवला. सिनेमावाल्यांनीच अट घातली होती. जादू द्या, तर काम देतो. दोरीच्या जादूवर कोण काम देतो? कागदावर सही एकाचीच लागते. दोघांची नावं म्हणजे भानगड. "आणि तू-मी वेगळे आहोत का गं? नवरा-बायकोत माझं-तुझं असतं का?"

"नसतं ना," सुंदरा म्हणाली. "मग ‘मिसेसचं आहे’ असं का नाही सांगितलं? तेही चाललंच असतं की. माझं-तुझं नसतंच तर."

मगननं काढून ठेवलेली चप्पल पायानं उगाच सरळ केली. मग हळूच म्हणाला, "सुंदरा, तीस वर्षं लूमवर उभा आहे. मरायच्या आधी एकदा पडद्यावर दिसायचं होतं. तुला नाही कळायचं."

तिला कळत होतं. तेच तर वाईट होतं. तिनं सगळं दिलं असतं. "सुंदरा, तुझी जादू दे, मला पडद्यावर जायचंय," असं एकदा म्हणाला असता तर तिनं सिनेमावाल्यांना स्वतः बसवून तिसरी घडी शिकवली असती. घडीचं दुःख नव्हतं तिला. मागितलं नाही याचं होतं. मागण्यासाठी आधी ती दुसऱ्याची आहे हे मानावं लागतं. अठरा वर्षांत या माणसानं ते कधी मानलंच नव्हतं.

आणि वर महिनाभर तिला म्हणत राहिला, तुझा हात चुकला असेल. ते तर तिला कधीच विसरता येणार नव्हतं. पण साक्ष काढायची कोणाची? गोदामातल्या बाया कधीच पांगल्या होत्या, कोणी गावी, कोणी देवाघरी. स्टेजवर तिच्या तोंडून कधी कोणी शब्द ऐकला नव्हता. हजारो लोकांपुढं ती अठरा वर्षं होती, आणि तिचे हात हलताना एकानंही पाहिले नव्हते. तेच तर तिचं कसब होतं! आपलं कसब इतकं चांगलं, की आपणच उरलो नाही, हे त्या दिवशी उंबऱ्यात बसल्या बसल्या तिला समजलं.

दुसऱ्या दिवशी गजेंद्र पेढे घेऊन हजर. श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी मंडळाचा कार्यक्रम, आणि मगनभाऊंनी सिनेमातली साडीची जादू करायची. "कशी करतात ते आता सगळ्यांना माहितीय, भाऊ. पण माहिती असून पकडता येतं का, ते बघायचंय लोकांना!"

मगननं सुंदराकडं बघितलं. त्यालाही पक्कं माहीत होतं, तिच्याशिवाय ती घडी कोणाच्या बापाला जमत नाही. सिनेमात हिरोला सुद्धा जमली नव्हती, कॅमेऱ्यानं जुळवून घेतली होती.

गजेंद्र गेल्यावर ती म्हणाली, "करते मी. पण आधी माइकवरून एक वाक्य म्हणायचं. ही जादू सुंदराची आहे. बस्स. बाकी सगळं तुमचं, टाळ्या पण तुमच्या."

"एवढंच ना? सांगसू," मगन म्हणाला. सांगेन. तिनं नारळ मांडला नाही, शपथ घ्यायला लावली नाही. अजूनही तिला वाटत होतं, सांगतो म्हणाला म्हणजे सांगेल. दोन दिवस ती खूश होती हो! पिशवीतल्या चिंध्या धुऊन इस्त्री केल्या. हर्षदाला म्हणाली, "उद्या पुढं बस. पप्पा काय म्हणतात ते नीट ऐक." पोरगी म्हणाली, बसेन.

शनिवारी संध्याकाळी सहा वाजता सोसायटीच्या मैदानात मांडव गच्च भरला. दुसऱ्या दिवशी कानबाई बसायची, त्यामुळे गावाकडचे पाहुणेही आलेले. सुंदरा आधी बायांमध्ये जाऊन आली. जयश्रीनं नवीकोरी मोरपंखी साडी आणली होती. मोरपंखी चिंधी निऱ्यांमध्ये गेली. मग ती नेहमीसारखी मगनच्या डाव्या हाताला, दोन पावलं मागं, उभी राहिली.

मगननं माइक घेतला. काय टाळ्या पडल्या! त्यानं "बेटा, हाथ मत देख" म्हटलं, पुन्हा टाळ्या. सुंदरा नियमाप्रमाणं त्याच्याकडं बघत होती.

"मंडळी," मगन म्हणाला, "आता ती जादू. मुंबईवाले माझ्या दारात तीन तीन वेळा का आले? या जादूसाठी. ही जादू…" आणि तो थांबला. त्यानं तिच्याकडं बघितलं. पुढं पाचशे माणसं, मोबाइल वर धरलेले. बोलायला एक वाक्य. सुंदराचे ओठ त्याच्याबरोबर हलले, जणू तीच त्याला शब्द पुरवत होती.

"ही जादू मी, तुमच्या मगननं, लूमवर उभ्या उभ्या शोधली!"

मांडव दणाणला. त्यानं नजर काढून घेतली आणि जयश्रीला वर बोलावलं. साडी घेतली, घडी मोडली, लोकांना दाखवली, आणि न बघता डावा हात मागं केला. अठरा वर्षांची सवय. साडी तिच्या हातात पडायची, पण पडली नाही. सुंदराचे हात खालीच होते.

"घे," तो हसत, ओठ न हलवता म्हणाला.

ती उभी राहिली.

लोक हसले. त्यांना वाटलं, खेळातलीच गंमत. मगनही हसला आणि पुन्हा साडी पुढं केली. "सुंदरा. घडी कर." ती त्याच्याकडंच बघत होती, नजर न हलवता, त्यानं शिकवलं होतं तशी. हसणं विरलं. मागून कोणी तरी ओरडलं, "चालू द्या की भाऊ!" मगननं स्वतःच घडी घालायला घेतली. साडेपाच मीटर कापड त्याच्या हातात कसलं मावतं! एक टोक पायात आलं, दुसरं माइकमध्ये अडकलं. कपाळावर घाम. तरी कात्री उचलली पठ्ठ्यानं.

"ओ भाऊ!" जयश्री किंचाळली. "नवीन आहे ती! माझ्या भावानं घेतलीय!"

कात्री हवेत राहिली. अजून वेळ गेली नव्हती. माइक त्याच्या हातातच होता. त्यानं सुंदराकडं बघितलं, आणि त्या बघण्यात विनवणी होती, राग होता, सगळं होतं. तिनं वाट पाहिली. एवढं होऊनही पाहिली, हे कोणी मानणार नाही, पण पाहिली.

मगननं माइक तोंडाशी नेला. "माफ करा मंडळी. आमच्या मॅडमची तब्येत जरा ठीक नाही."

मग सुंदरा हलली. तिनं त्याच्या हातातून साडी घेतली, झटकली, आणि सगळ्यांच्या देखत, स्वतःच्या हातांकडं बघत, घडी घातली. पहिली, दुसरी, तिसरी सरळ. काठाला काठ, पदर वर. दहा सेकंद लागले नसतील. अख्खा मांडव पहिल्यांदाच मगनचं तोंड सोडून तिच्या हातांकडं बघत होता. तिनं साडी जयश्रीला दिली आणि पायऱ्या उतरून खाली आली.

पहिल्या रांगेत हर्षदानं सरकून जागा केली. सुंदरा बसली. मागून बाया पुढं झुकल्या, जयश्री धावत आली. "काय झालं गं वहिनी? जादू का नाही केली? जमत नाही का आता?"

वर मगन कात्री धरून उभा होता, बोलायला तोंड उघडत होता आणि मिटत होता.

"माले काय इचारतस?" सुंदरा म्हणाली. "मी तं नुसती उभी ऱ्हास. त्यासले इचारा. जादू त्यासनीच शे."